नानांची मराठी गेली कुठे?

पत्र

ताई, नमस्कार. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर पारोळा तालुक्यातलं. सासरे, म्हणजे आमचे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मराठी शिकवायचे. वय 71. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला. पाय आता बराच सुधारलाय, काठी टेकत ओट्यापर्यंत जातात. बोलणं मात्र गेलं ते गेलं. चार महिने झाले. जे थोडं बोलतात ते अहिराणीत, म्हणजे इथल्या खान्देशी बोलीत: ‘मले पानी’, ‘कथा गया’ (कुठे गेला), ‘आंडोर’ (मुलगा). घरात अहिराणी बोललं की मुलांवर ओरडणारा माणूस हा, आणि आता मराठीचं एक वाक्य निघत नाही. ‘ती... ती...’ करत राहतात आणि मग चिडतात. मला नणंदेच्या नावाने हाक मारतात. शिव्या देतात, त्याही अगदी स्पष्ट, व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलासमोर. पाढे मात्र घडाघडा म्हणतात! आमचे हे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, बोलून काय उपयोग. सासूबाई त्यांच्याशी अहिराणीत बोलतात तर हे त्यांनाही अडवतात, मराठीतच बोल, नाहीतर मराठी कायमची जाईल म्हणतात. धाकटे दीर म्हणतात, काही समजत नसेल तर शेताच्या कागदांचं लवकर उरकून घेऊ. नानांची मराठी पुसली गेली का? त्यांना आमचं कळतं का? आणि आम्ही कोणत्या भाषेत बोलायचं? बाकी तब्येत चांगली आहे, बीपीच्या गोळ्याही आता बंद केल्यात.
— एक सून

उत्तर

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंना सांगा, अहिराणीत बोलायचं थांबवू नका. तुमच्या यजमानांशी काय बोलायचं ते पुढे सांगते.

नानांना तपासल्याशिवाय ठाम निदान मी करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वेडाचं वर्णन नाही आणि विसरभोळेपणाचंही नाही. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ‘अफेजिया’ असं लिहिलेलं असेल. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम प्रामुख्याने डाव्या बाजूला चालतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभरातल्या साधारण पंच्याण्णव जणांचं तसंच असतं. शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच चालवतो. म्हणून उजवा हात आणि वाचा अशी दोन्ही एकदम जाताना दिसतात. विहिरीला पाणी आहे, मोटार शाबूत आहे, पण डीपी जळालाय आणि केळीपर्यंत पाणी पोचत नाहीये, असं समजा. विहीर आटली असं समजून कुणी शेत सोडून देऊ नये.

हे काही आज कळलेलं नाही. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यचिकित्सकाकडे लेबोर्न्य नावाचा रुग्ण आला. काहीही विचारलं तरी तो फक्त ‘तां’ म्हणे, बहुतेक वेळा दोनदा, ‘तां तां’. इस्पितळात त्याला सगळे त्याच नावाने ओळखत. बोललेलं त्याला बरंचसं समजायचं, उत्तर तो हाताने खुणा करून द्यायचा आणि समोरच्याला खूण कळली नाही की भडकायचा. अशा वेळी त्याच्या तोंडून शिवी मात्र निघे. तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तोच आठवला. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात इजा सापडली. पुढे 1874 साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण नोंदवले. ते न अडखळता भराभरा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नसे. त्यांची इजा आणखी मागे, कानाच्या वरच्या भागाकडे होती. पत्रावरून नाना पहिल्या गटाच्या जवळचे वाटतात. कळतं बरंच, निघतं थोडं.

मात्र ‘भाषेचं केंद्र इथे, समजण्याचं केंद्र तिथे’ अशा तयार नकाशावर फार विसंबू नका. लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. 2007 साली त्याचं एमआरआय प्रसिद्ध झालं तेव्हा दिसलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल होती, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली. भाषा एका खोलीत राहत नाही. अनेक भाग आणि त्यांच्यामधल्या वाटा मिळून ती चालते. यात नानांच्या फायद्याची गोष्ट अशी की उरलेले भाग काही काम उचलू शकतात.

आता ती ‘ती... ती...’ची गोष्ट. पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. समोर चित्र धरलं आणि नाव विचारलं, तर धडधाकट माणसाला तोंड उघडायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात, अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित जास्त. तेवढ्या वेळात मेंदू ती वस्तू ओळखतो, तिचा शब्द निवडतो, त्या शब्दाचं व्याकरण हाताशी घेतो, मग त्याचे उच्चार जुळवतो आणि जिभेला कामाला लावतो. या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, हे रुग्णांकडूनच कळलं. इटलीतल्या एका रुग्णावरचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्याला शब्द सापडायचा नाही, पण तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे तो बरोबर सांगायचा! नाना ‘ती... ती...’ म्हणतात तेव्हा काठी हवी असते का, की चष्मा, हे जरा लक्ष देऊन पाहा. काठी, वही, चादर अशा वस्तूंना ‘ती’ आणि चष्मा, टॉवेलला ‘तो’ येत असेल, तर नाना शब्दाच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेत, फक्त आवाज हाती लागत नाहीये. अशा वेळी अख्खा शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नका. पहिलं अक्षर द्या, ‘का...’ म्हणा आणि थांबा. पुष्कळदा तेवढ्यावर शब्द सुटतो.

तुम्हाला नणंदेच्या नावाने हाक मारतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शब्द मेंदूत सुटे पडलेले नसतात, अर्थाने शेजारी असलेले शब्द एकत्र जागे होतात. लेक, सून, घरातली तरुण बाई हे सगळे एकाच गल्लीतले. धडधाकट आईसुद्धा धाकट्याला हाक मारताना आधी थोरल्याचं आणि मग कुत्र्याचं नाव घेते. नानांना तुमचा चेहरा ओळखू येतो की नाही हे त्यांच्या डोळ्यांत बघा, तोंडी परीक्षा घेऊ नका.

‘कळतं का’ याचं उत्तर मी ‘बरंचसं’ असं देते, ‘सगळं’ असं देत नाही. त्याचं कारण व्याकरणात आहे. ‘नानांनी केळी खाल्ली’ हे वाक्य घ्या. यातले प्रत्यय कानावर पडले नाहीत तरी अर्थ लागतो, कारण केळी काही नानांना खाणार नाही. पण ‘गाईने म्हशीला ढकललं’ आणि ‘गाईला म्हशीने ढकललं’ यांत नुसत्या ‘ने’ आणि ‘ला’वर सगळा कारभार आहे. कोण कुणाला ढकलतंय हे शब्दांच्या अर्थावरून कळत नाही, रचनेवरूनच कळतं. अशा वाक्यांत वाचाघाताचे रुग्ण गोंधळतात हे 1976 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात स्पष्ट दिसलं. तोवर समज असा होता की या रुग्णांचं समजणं पूर्ण शाबूत असतं. खरं तर ते अर्थाच्या आधाराने रचनेची उणीव भरून काढत होते. नानांच्या बोलण्यातही तीच फट दिसते. ‘मले पानी’ म्हणताना क्रियापद गळलंय. ‘मले’ हा तर लहानपणापासून आख्खाच तोंडात बसलेला, तो तसाच्या तसा बाहेर येतो.

म्हणून घरात बोलताना लांबलचक जोडवाक्यं टाळा. ‘काल ज्या माणसाला तुमच्या मुलाने पैसे दिले तो आला होता’ हे नानांना पेलणार नाही. ‘काल रमेशने सुताराला पैसे दिले. तो सुतार आज आला होता.’ असे तुकडे करा. लहान बाळाशी बोलावं तसा लाडिक सूर मात्र नको. आयुष्यभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तो अपमान लगेच कळतो. आणि मोठ्याने ओरडू नका, त्यांच्या कानाला काही झालेलं नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. आपण ऐकताना वाक्य संपायची वाट बघत नाही. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं, तरी ‘रात्री झोपताना नाना गरम दूध...’ एवढं ऐकलं की मेंदूने ‘पितात’ची जागा तयार करून ठेवलेली असते. ही तयारी मोजता येते. 1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला तारा लावून त्यांना वाक्यं वाचायला दिली. वाक्याच्या शेवटी विसंगत शब्द आला, म्हणजे आपल्याकडे ‘भाकरीला मोजे लावले’ म्हणावं तसं काही, की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरीत एक ठळक दरी दिसे. वाचणाऱ्याला ‘हे चुकलं’ म्हणायची सवडही मिळालेली नसते, तोवर मेंदू दचकलेला असतो. लकव्यानंतर हीच घाईघाईची यंत्रणा मंदावते. तुम्ही दुसरं वाक्य सुरू करता तेव्हा नाना अजून पहिलंच सोडवत असतात. म्हणून प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला. खान्देशातल्या भरल्या घरात हे शेवटचं जमवणं फार कठीण, मला ठाऊक आहे.

शिव्या आणि पाढे एकाच कारणाने टिकलेत. प्रत्येक वेळी नव्याने जुळवायचं वाक्य ही एक गोष्ट, आणि वर्षानुवर्षं घोटून एकसंध झालेले शब्द ही दुसरी. एक ते शंभर, वारांची नावं, आरती, ‘राम राम’, आणि हो, शिव्या. पहिल्या प्रकारचं काम डाव्या बाजूच्या त्या नाजूक जाळ्यावर फार अवलंबून असतं. दुसऱ्यात मेंदूची उजवी बाजू आणि खोलातले भाग बरीच मदत करतात असं दिसतं, म्हणून डावीकडे इजा झाली तरी ते बोलणं पुष्कळदा वाचतं. इंग्रज डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हा फरक एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. तेव्हा नानांना ‘बे चोक?’ विचारलंत तर ते गप्प बसतील, आणि ‘बे एके बे’ सुरू केलंत तर वाटेत ‘बे चोक आठ’ म्हणत पुढे निघून जातील. करून बघा, पण चारचौघांत नको. व्यायाम घेणाऱ्या मुलाला हे समजावून सांगा. शिव्या त्याला नाहीत. राग आला की तेवढाच दरवाजा उघडा सापडतो, एवढंच. (आयुष्यभर न दिलेल्या शिव्या त्यांना येत कशा होत्या, असंही तुमच्या मनात आलं असेल. गावात वाढलेल्या कुठल्या माणसाला शिव्या येत नाहीत?)

आता अहिराणी. दोन भाषा येणाऱ्या रुग्णाची कोणती भाषा आधी परतते, या प्रश्नावर फ्रान्समध्ये दोन मतं होती. मानसशास्त्रज्ञ रिबो यांचं म्हणणं, आधी शिकलेलं पक्कं असतं, म्हणून आईची भाषा आधी परतते. 1895 साली डॉक्टर पित्र यांनी वेगळं मांडलं: आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी येते. नानांच्या बाबतीत दोघेही आपापला दावा सांगू शकतील. अहिराणी आधीची, मराठी नोकरीभर वापरलेली. प्रत्यक्षात बहुतेक दुभाषी रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने, सारख्याच वेगाने सुधारतात. काहींत एक पुढे निघते, काहींत तर आलटूनपालटून येतात. मेंदूत मराठीची पेटी वेगळी आणि अहिराणीची वेगळी असं नसतं. दोन्ही बऱ्याच अंशी त्याच भागांवर चालतात, आणि बोलताना एकीला आवरून दुसरीला पुढे करण्याचं कामही मेंदूला करावं लागतं. ते आवरणंच लकव्याने ढिलं होऊ शकतं. म्हणून ‘मराठी पुसली गेली’ असं मी म्हणणार नाही. नानांना मराठी वर्तमानपत्राचा मथळा दाखवा, त्यातल्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवायला सांगा. मराठी आत आहे की नाही ते तुम्हालाच दिसेल.

‘अहिराणी बोललं तर मराठी कायमची जाईल’ या भीतीला तर काहीच आधार नाही. एका भाषेत केलेल्या सरावाचा फायदा पुष्कळदा दुसरीलाही होतो. आत्ता जी वाट उघडी आहे तिच्यावरून चालायचं. तुमच्या यजमानांना अवघड काय वाटतं तेही मला दिसतं. शाळेत अहिराणी बोललं की छडी, ही आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची शिस्त होती आणि नानांनीही ती घरात चालवली. माझं घर लेवा बोलीचं, मीही ती शिस्त खाल्ली आहे. 2011च्या जनगणनेत अठरा लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा खान्देशी गटातली सांगितली. लाज वाटावी अशी ती बोली कधीच नव्हती. तुम्हाला अहिराणी येत नसेल तर खोटी खोटी बोलू नका, तुमची साताऱ्याची मराठी नानांना समजते. ‘काय व्हयनं, नाना?’ एवढं मात्र शिकून घ्या, त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडेल.

हो-नाहीवर फार भिस्त ठेवू नका. वाचाघातात ‘हो’ म्हणायचं असताना तोंडून ‘नही’ निघून जातं. दूध आणि चहा दोन्ही समोर धरा आणि बोट दाखवू द्या. ‘दूध नको ना?’ असा उलटा प्रश्न तर मुळीच नको. मोबाइलमध्ये घरातल्या माणसांचे, शेताचे, औषधांचे, संडास-मोरीचे फोटो एका अल्बममध्ये ठेवा. डाव्या हाताने ते चाळता येतात. आणि आरती किंवा भजन त्यांच्याबरोबर म्हणा, डाव्या हाताने ताल धरायला लावून. बोस्टनच्या डॉक्टरांनी 1973 साली सूर-तालातून वाक्यं शिकवायची एक पद्धत काढली, ती अजून वापरतात. सगळ्यांना ती लागू पडते असं नाही, पण जो माणूस एक वाक्य बोलू शकत नाही तो आरतीचं कडवं पूर्ण करतो तेव्हा घरच्यांचा धीर वाढतो.

घरच्या सरावाने सगळं भागणार नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, गाठा. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. प्रत्येक वेळी जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर उपचार देणारेही आहेत. तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगा की नानांची घरची बोली अहिराणी आहे, आणि सासूबाईंना सोबत न्या. नाहीतर तो पुस्तकी मराठीत तपासेल आणि नानांना कमी गुण देऊन मोकळा होईल. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खोटं. पुढेही फरक पडतो, मात्र हळूहळू आणि नेमाने काम केलं तर. नाना जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात असं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ज्याला बोलता येत नाही तो ते सांगणार कसं?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वात वाचाघाताचा उल्लेख आहे. पुढे उणीव कायम राहिली तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्याल, तेव्हा डॉक्टरांचा कागद बरोबर ठेवा. साहेबाने नाव विचारलं आणि नाना गप्प राहिले तर तिथे पंचाईत नको.

दिरांचं बोलणं मला आवडलेलं नाही. बोलता येत नाही याचा अर्थ ठरवता येत नाही असा होत नाही, आणि ‘समजत नाही’ म्हणून ज्याची सही घ्यायची, त्याच्या सहीला अर्थ तरी काय? शेताचा निर्णय खरोखर अडला असेल तर गटांचे फोटो, मुलांचे फोटो समोर ठेवून, तज्ज्ञ आणि वकील हजर असताना, एकेक गोष्ट छोट्या वाक्यात विचारा. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने पुन्हा विचारा. दोन्ही दिवशी बोट त्याच फोटोवर गेलं तर ते नानांचं मत. तोवर अंगठा नको.

राहिली तुम्ही जाता जाता लिहिलेली शेवटची ओळ. तब्येत चांगली दिसते ती बहुधा त्या गोळ्यांमुळेच दिसत होती. बीपी वाढून दुसरा झटका आला तर तो पहिल्यापेक्षा जास्त घेऊन जाऊ शकतो. हे उत्तर वाचून झालं की नानांना डॉक्टरांकडे न्या, बीपी मोजून घ्या आणि गोळ्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू करा. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं आणखी अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, 108ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्या तासांत पारोळ्याहून धुळ्याचा रस्ताही धरायचा आहे.